इथं माग नाय, मग कानात खडखड कशाची?

सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग रात्रीही चालू असतात. त्यामुळे आमच्या अपघात विभागात रात्रपाळीला हाताची जखम येणं रोजचंच. त्या रात्री आलेल्या मामांचा हात मागाच्या पट्ट्यात सापडला होता. कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेला. आधी एका छोट्या दवाखान्यात टाके घालायला घेतले होते, पण रक्त थांबेना म्हणून इकडे पाठवलं. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं, 'लिग्नोकेन दिले', म्हणजे टाक्यांआधी जागा बधिर करायचं इंजेक्शन. किती, ते नाही.

पट्टी सोडत असताना मामा म्हणाले, "डॉक्टर, इथं माग नाय, मग कानात खडखड कशाची?"

मागावर जन्म गेलेल्या माणसाचे कान वाजतातच, असं म्हणून ते सोडून देता आलं असतं. पण लगेच त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तोंड बधिर झालंय. नाणं चघळल्यागत लागतंय." माझा हात थांबला. कान वाजणं, ओठ-जिभेला बधिरपणा, तोंडात धातूची चव. लिग्नोकेन रक्तात जास्त झालं की नेमकं हेच होतं.

"अक्का, तिकडं औषध किती टोचलं?"

मामांसोबत आलेल्या अक्का विड्या वळतात. पान-तंबाखू वजनावर मोजून घेणारी बाई, तिचं लक्ष होतंच. "दोन-तीनदा भरलं. अर्धी बाटली संपली."

३० मिलीची बाटली, २ टक्क्यांची. एका मिलीत २० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या बाटलीत ३००. मामांचं वजन ४२ किलो. साध्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साडेचार मिलिग्रॅम धरतात, म्हणजे त्यांना १९० सुद्धा नाही. अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असेल तर औषध जागेवर टिकतं, रक्तात हळू जातं, म्हणून ७ पर्यंत चालतं. इथे तीही मर्यादा ओलांडली होती.

हे औषध मज्जातंतूतली सोडियमची वाट अडवतं, म्हणून दुखणं मेंदूपर्यंत पोचत नाही. पण तेच रक्तातून मेंदूत आणि हृदयात गेलं की तिथलीही वाट अडवतं.

जखमेवर घट्ट पट्टी बांधली, ऑक्सिजन लावला, मॉनिटर जोडला. सिस्टर सलाइनची सुई लावतात न लावतात तोच मामांना झटके सुरू झाले. मिडॅझोलम दिलं, झटके थांबले. तोवर भूलतज्ज्ञ मॅडम आयसीयूतून २० टक्क्यांचं लिपिड घेऊन आल्या होत्या. ज्यांना तोंडाने खाता येत नाही त्यांना शिरेतून देतात, तेच हे पांढरं स्निग्ध औषध. ते हृदयातलं आणि मेंदूतलं लिग्नोकेन ओढून घेतं. किलोमागे दीड मिली, म्हणजे ६३ मिली, दोन-तीन मिनिटांत शिरेत सोडलं आणि पुढे थेंब चालू ठेवले. हृदयाची लय शेवटपर्यंत बिघडली नाही. त्या पडद्यावरून माझी नजर हलत नव्हती.

चिठ्ठीवर मिलीचा आकडा लिहायला असा किती वेळ लागतो? मला त्या रात्री याचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. अक्का शेजारी नसत्या तर आम्ही टाके घालायला त्याच हातात आणखी लिग्नोकेन टोचलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये पूर्ण भूल देऊन हात शिवला.

घरी सोडताना कागदावर कुणीतरी 'भुलीच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी' असं लिहून ठेवलेलं दिसलं. मी ते खोडलं. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते, आणि तो शिक्का एकदा बसला की पुढे साधा दात काढतानाही माणसाला भुलीशिवाय सोसायला लावतात. त्या जागी लिहिलं, 'अ‍ॅलर्जी नाही. वजन ४२ किलो, मात्रा जास्त झाली होती.' सिस्टरनी अक्कांना ते तेलुगूत समजावून सांगितलं, आणि कुठेही सुई टोचायच्या आधी हा कागद दाखवायचा, हेही.