आप्पा बॅकअप

रात्री पावणेबाराला आप्पांच्या ऑफिसातल्या पोराने फोटो पाठवला, सोबत एकच शब्द, "भो??". फोटोत नानांकडून येणाऱ्या पोर्टचा ग्राफ होता. दोन महिने हा ग्राफ ५०-६० एमबीपीएसवर झोपलेला असायचा, आणि आता नऊशेच्या वर जाऊन सपाट, म्हणजे १ जीबीची पोर्ट पार तुंबलेली. मी जेवून आडवा झालो होतो, तसाच उठून लॅपटॉप उघडला.

आधी हे दोघं कोण ते सांगतो. जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, नाव नको. आप्पा आणि नाना दोघंही मूळचे केबलवाले, आता दोघंही इंटरनेटवाले, ऑफिसं एकाच रस्त्यावर ३०० मीटरवर. कधीतरी एकाच्या पोरांनी खांबावरची दुसऱ्याची फायबर कापली, तेव्हापासून बोलणं बंद. कोणी कोणाची कापली याच्या दोन हकिकती आहेत, मी ज्याच्या ऑफिसात चहा पीत असेन त्याची खरी मानतो. दोघांचेही राउटर मीच बघतो, त्यामुळे चहा दोन्हीकडे असतो.

दोघांना बोलतं करायची गरज पडली ती एका जिनिंगवाल्या शेठमुळे. घरी नानांचं कनेक्शन, जिनिंगवर आप्पांचं, आणि घरून जिनिंगचे सीसीटीव्ही बघायला गेलं की चित्र अडकणार. ट्रेस लावला तर पॅकेट या ऑफिसातून मुंबईला जातंय, तिथून परत त्या ऑफिसात येतंय, पिंग १९ मिलिसेकंद. सायकलवर दोन मिनिटांचं अंतर! देशातलं ट्रॅफिक परदेशात फिरून येऊ नये म्हणून २००३ ला निक्सी, म्हणजे इंटरनेट कंपन्यांना देशातच एकमेकांशी जोडणारं केंद्र, सुरू झालं, पण गावातलं ट्रॅफिक गावात ठेवायला कोण येणार, आम्हीच.

थंडीत आप्पांच्या व्याह्यांच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवली आणि दोघांनाही दुसरा येतोय हे सांगितलं नाही. ऑफिसात बोलावलं असतं तर कोण कोणाच्या दारात जाणार यातच वर्ष गेलं असतं. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, कळण्याच्या पुऱ्या. पहिला अर्धा तास दोघं माझ्याशीच बोलत होते, एकमेकांना निरोप द्यायचा तर माझ्यामार्फत, "त्यांना म्हणा मिरची वाढा". नानांकडे कामाला असलेला पोरगा, जो त्यांचा राउटर सांभाळतो, तो बाजूला बसून वांग्यांची सालं काढत होता. मी समजावलं, पीअरिंग म्हणजे तुमचे कस्टमर त्यांच्याकडे आणि त्यांचे तुमच्याकडे, तेवढंच, तिसऱ्याचं ट्रॅफिक नाही, पैसे कोणीच कोणाला द्यायचे नाहीत. आप्पांनी विचारलं, "कागद?" मी म्हटलं जगभर हे असंच चालतं, २०११ साली पॅकेट क्लिअरिंग हाऊस या इंटरनेटचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने १ लाख ४२ हजार पीअरिंग करार तपासले, त्यात साडेनव्याण्णव टक्के नुसत्या शब्दावर. दोघांना ते पटलं. आणि पटतंय असं दिसल्यावर मी, तोंडात घास असताना, अजून एक वाक्य टाकलं, "शिवाय अडीअडचणीला एकमेकांच्या कामी येईल."

काम मात्र मी झकास केलं होतं, हे मला सांगू द्या. फायबरची एकच कोअर ओढली, दोन्ही टोकांना जोडीचे बायडाय एसएफपी, म्हणजे एकाच कोअरवर दोन्ही दिशांना प्रकाश पाठवणारे मॉड्यूल, एकीकडून १३१० नॅनोमीटरने जाणार, दुसरीकडून १५५० ने. बीजीपीला, म्हणजे कुठले आयपी कोणाकडे हे राउटर एकमेकांना ज्यातून सांगतात त्याला, पासवर्ड, दोन्हीकडे प्रिफिक्स, म्हणजे आयपींच्या ब्लॉकचे, फिल्टर, आप्पांचे ब्लॉक सोडून दुसरं काही नानांकडे शिरणार नाही आणि उलटंही तसंच, वर मॅक्स प्रिफिक्स १०, म्हणजे कोणी चुकून अख्खं इंटरनेट जाहीर केलं तर सेशनच खाली येईल. लिंकसाठी स्लॅश ३० आप्पांच्या पब्लिक ब्लॉकमधला दिला, चार अ‍ॅड्रेस, त्यातले दोन वापरायचे. पिंग एक मिलिसेकंदच्या खाली. शेठ खूश. ट्रॅफिक काय, ५०-६० एमबीपीएस, कारण लोक शेजाऱ्याचं काही बघत नाहीत, रील बघतात आणि त्या मुंबईहून येतात.

तर त्या रात्री नानांच्या राउटरमध्ये शिरलो. मुंबईची लाइन डाउन, हायवेला जेसीबीने फायबर उडवलेली. बॅकअप लाइनही डाउन, कारण कंपनी वेगळी पण चारी तीच, हे मी नानांना वर्षभर सांगतोय आणि नाना म्हणतात "दोन बिलं भरतो ना मी". म्हणजे नानांचं नेट पूर्ण बंद असायला हवं होतं. पण चालू होतं.

राउट टेबलात दिसली पहिली ओळ. डिफॉल्ट राउट, म्हणजे दुसरी वाट नसलेलं सगळं ट्रॅफिक जिकडे जातं ती, तोंड आप्पांकडे, डिस्टन्स २१०, हा आकडा जितका मोठा तितका त्या वाटेचा नंबर मागे. म्हणजे एरवी झोपलेली, मुंबई मेली की जागी होणार. नुसती तेवढी असती तर काही झालं नसतं, कारण नानांच्या आयपीचं उत्तर परत यायला वाट नाही. म्हणून नॅटमध्ये, म्हणजे आयपी बदलायच्या नियमांत, दुसरी ओळ, त्या पोर्टवरून जो बाहेर पडेल तो मास्करेड, म्हणजे पोर्टचाच आयपी लावून जाणार. आणि पोर्टवर आयपी कोणाचा, आप्पांचा, मीच दिलेला. म्हणजे नानांचे अडीच हजार कस्टमर एका आयपीमागे लपून आप्पांच्या लाइनवर. निम्म्या गावाला गूगल विचारत असणार, तुम्ही रोबोट नाही ना.

माझे सगळे फिल्टर जागेवर होते, एकही हलला नव्हता. ते फक्त कोण काय *सांगतो* ते तपासतात. कोण काय पाठवतो त्यासाठी आप्पांच्या पोर्टवर फायरवॉलची एक ओळ लागत होती, जायचं ठिकाण आप्पांचं नसेल तर फेक, आणि ती मी लावली नव्हती.

नॅटच्या त्या ओळीला कमेंट होती, ‘आप्पा बॅकअप’.

बंद करायला एक क्लिक होता. केला नाही. आप्पांना विचारलंही नाही, त्यांच्या पोराला "बघतोय" एवढं लिहिलं आणि बसून राहिलो. पावणेचारला स्प्लायसिंगवाल्यांनी फायबर जोडली, ग्राफ धपकन खाली आला. मग दोन्ही ओळी काढल्या, फायरवॉल लावली. तेव्हा डोक्यात आलं की ते चार तास नानांच्या कुठल्या कस्टमरने कोणाला ओटीपी विचारून गंडवलं असेल तर सायबर सेलचं पत्र आप्पांना येणार, आयपी त्यांचा. आणि त्या ओळीला लॉगिंग नव्हतं. कोण होतं हे आता कोणीच सांगू शकत नाही.

सकाळी आप्पांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं, तर त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. "बॅकअप पाहिजे तर महिन्याचं भाडं ठरव म्हणा त्याला." हा निरोप नानांकडे नेला. नाना भडकले, "भाडं? भरीत खाताना तूच म्हणाला होता ना अडीअडचणीला कामी येईल?" पोरगा खाली बघत होता. बाहेर जिन्यात त्याला गाठलं, विचारलं नानांनी सांगितलं होतं का. म्हणे, "नाही सर. तुम्ही म्हटले होते म्हणून करून ठेवलं." चोरी करणारा ओळीला नाव देईल का, हा प्रश्न मी तेव्हापासून उलटसुलट करतोय. पण मग डिस्टन्स २१० देण्याइतकी अक्कल असलेल्याला, विचारून करावं एवढं सुचलं नाही?

पीअरिंग चालू आहे, ५०-६० एमबीपीएस. दोघं परत बोलत नाहीत. आप्पांना ऑफिसात कुठलंही सरकारी पाकीट आलं की उघडायच्या आधी मला त्याचा फोटो येतो. परवा आला होता, मी हातातलं काम टाकून बघितला, खांबांच्या भाड्याची नोटीस होती.