कारवानीचं एक वेत

जत तालुक्यात कारवानी कुत्र्यांना, म्हणजे शिकारीच्या सडपातळ, वेगवान देशी कुत्र्यांना, तोटा नाही. पण वंशावळ विचारा, मालक गप्प होतो. माझ्या कुत्रीचं वेत घ्यायचं ठरल्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो नर शोधण्यात.

कुत्री माझी छातीला खोल, कंबरेत बारीक, चालीला हलकी. फक्त पुढचे पंजे जरा पसरट. खडकाळ माळावर हा दोष महागात पडतो, म्हणून मला घट्ट पंजाचा नर हवा होता. पहिला दाखवला तो प्रदर्शनात बक्षीस मिळवलेला. देखणा होता, पण खोदून विचारल्यावर कळलं की त्याचा आणि माझ्या कुत्रीचा बाप एकच. सावत्र भावंडांच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संकराचं माप, साडेबारा टक्के, तोही मागच्या पिढ्यांतली नाती न धरता! आमच्याकडे एखादा नर गाजला की सगळे त्याच्याच दारात जातात आणि चार वर्षांत अख्खा भाग एकमेकांचा नातेवाईक होतो. दुसरा शर्यतीतला होता. त्याच्या मांड्या बघूनच ग्रेहाउंडची, म्हणजे शर्यतीच्या विलायती कुत्र्याची, भेसळ कळत होती. वेग मिळतो हो, पण मग कारवानी पाळायचं कशाला?

शेवटी एका आप्पांचा नर मिळाला. सहा वर्षांचा, पदक एकही नाही, पण पंजे मुठीसारखे आवळलेले. आप्पा म्हणाले, "कुत्रं हुबं असताना बघू नगंस. पळून आल्यावर बघ. हुबी सगळीच चांगली दिसत्यात." पैसे नकोत, वेतातलं निवडीचं एक पिल्लू द्यायचं, अशी बोली ठरली. ही इथली जुनीच पद्धत.

कुत्री माजावर आली की नवव्या-दहाव्या दिवशी नराकडे न्यायची, हा सगळ्यांचा हिशेब. पण प्रत्येक कुत्रीचा दिवस वेगळा असतो. डॉक्टरांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासायला सांगितलं; या संप्रेरकावरून बीज कधी सुटतं ते कळतं. नमुना माणसांच्या लॅबमध्येच दिला. तिथल्या मुलीने रुग्णाचं नाव विचारलं तेव्हा मलाच हसू आलं. बीज सुटल्यावर ते पक्व व्हायला साधारण दोन दिवस लागतात, त्या बेताने भेट घडवली. बीज सुटल्यापासून त्रेसष्ट दिवस धरायचे. त्याच्या आसपास ती रात्री व्यायली, फार मदत लागली नाही. सिझेरियनची वेळ आलीच असती तर भुलीचा प्रश्न होता. या अंगावर चरबी नसलेल्या जातींना काही भुलीची औषधं जड जातात, ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं.

खरी परीक्षा पिल्लांची. पंजे आणि छाती डोळ्यांना दिसते, स्वभाव काढून बघावा लागतो. कारवानी परक्याला हात लावू देत नाही, तो त्याचा बाणा. पण बाणा वेगळा आणि भित्रेपणा वेगळा, आणि विकताना लोक भित्र्या पिल्लालाच 'जातिवंत' म्हणून खपवतात. सातव्या आठवड्यात मी एकेका पिल्लाला अनोळखी खोलीत सोडून मागे स्टीलचं ताट पाडलं. दचकली सगळीच. काही लगेच वळून ताट हुंगायला आली. एक कपाटाखाली गेलं ते बाहेरच येईना. दिसायला वेतातलं सगळ्यात सुंदर तेच, पांढऱ्या छातीचं. ते एका ओळखीच्या घरी दिलं, पुढे वेत घ्यायचं नाही या अटीवर. रंगासाठी त्याला मागणी होती, पैसेही बरे आले असते.

आठ आठवडे होईपर्यंत एकही पिल्लू हलवलं नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांतही तेच आहे. आप्पांनी त्यांचं पिल्लू निवडताना सगळ्यांना अंगणात पळवलं आणि मला ठेवायची होती नेमकी तीच मादी उचलली. बोली म्हणजे बोली. मी तिची बहीण ठेवली. पंजे आईपेक्षा बरे आहेत, बापाइतके नाहीत.

प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप बसवली आणि आई-बाप, आजी-आजोबा वहीत लिहून मालकांना प्रत दिली. या मादीसाठी आता इकडचा नर चालणार नाही, सगळे कुठे ना कुठे जुळतातच. पावसाळा संपला की कर्नाटकात मुधोळकडे जाऊन यायचं आहे, तिकडे याच कुत्र्याला मुधोळ हाउंड म्हणतात. तिथे जवळच तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्रही आहे.