अंगठा कुठे घुटमळतो

बुधवार, रात्री

फिग्मा, म्हणजे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर, आज उघडलंच नाही. हल्ली असे दिवस वाढलेत. नावापुढे ‘सिनिअर युएक्स डिझायनर’ (अ‍ॅप लोकांना वापरायला सोपं जावं हे बघणारी) लागल्यापासून स्क्रीन काढायचं काम ज्युनिअर मुलांकडे गेलं, आणि खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा भराभर काढतात. माझ्याकडे उरलंय ते लोकांकडे बघत बसण्याचं काम. आणि जे दिसलं ते मीटिंगमध्ये इतरांच्या गळी उतरवण्याचं.

आज सांगलीत होते. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी वसुलीचं अ‍ॅप करतोय. पिग्मी ही कल्पना जुनी. 1928 साली उडुपीच्या एका बँकेनं (तीच पुढची सिंडिकेट बँक) रोज दोन आण्यांपासून पैसे गोळा करायला सुरुवात केली. आता रक्कम बदलली, हातात मोबाइल आला, पण दुपारच्या उन्हात दुकानामागून दुकान पालथं घालणारा माणूस तोच.

यावेळी डेव्हलपरला हट्टानं सोबत नेलं. अहवालात मी कितीही लिहिलं तरी तो म्हणणार, ‘युजरला शिकवू ना!’ शिकवून काय होतं ते त्यानं स्वतःच बघावं म्हटलं.

गणपती पेठेत एका एजंट काकांच्या मागे फिरलो. एका हातात पिशवी, खातेदारांची कार्डं आणि सुट्टे पैसे. मोबाइलसाठी उरतो एक हात, त्यातही कामाचा अंगठाच. आमचं ‘नोंद करा’ हे बटण वर उजव्या कोपऱ्यात. काकांचा अंगठा तिथवर जाताना दर वेळी मोबाइल तळहातात सरकत होता. काही विचारलं तर मात्र, ‘छान आहे मॅडम, काही अडचण नाही.’ आपल्याकडे पाहुण्याला नावं ठेवत नाहीत. म्हणून या धंद्यात तोंडाकडे कमी आणि अंगठ्याकडे जास्त बघायचं. मध्येच त्यांनी विचारलं, ‘आता कुठं दाबू?’ आमची ज्युनिअर सांगणारच होती, मी तिला खुणेनं थांबवलं. ‘तुम्हाला काय वाटतं काका?’ एवढंच विचारून गप्प राहायचं. हे गप्प राहणं शिकायला मला फिग्मापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

मजकुराचा करडा रंग आम्ही नियमानुसारच घेतला होता. पार्श्वभूमीशी उजळपणाचा किमान 4.5 ला 1 असा फरक हवा, तो होता. पण नियम ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली तपासलेला. काका स्क्रीनवर तळहाताची सावली धरून वाचत होते. शिवाय बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठरवलेली, त्यामुळे ‘नोंद’मधला अनुस्वार अर्धा कापला जातोय. मराठीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते, हे दर प्रोजेक्टला नव्यानं सांगावं लागतं.

पन्नास टाकल्यावर काका ‘पन्नास’ असं पुटपुटून मगच पुढे जात होते. एक शून्य जास्त पडलं तर भरपाई त्यांच्या खिशातून. रकमेखाली ती अक्षरांत दिसायला हवी, हे तिथंच वहीत लिहिलं.

पण खरी गोष्ट निघाली ती कार्डांच्या गठ्ठ्यातून. रबर लावलेला गठ्ठा. वरचं कार्ड कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं, त्याखाली शेजारच्या शिंप्याचं, मग पलीकडच्या सायकलवाल्याचं. गठ्ठा गल्लीच्या क्रमानं लावलेला! आणि आमची यादी खाते क्रमांकानुसार. म्हणजे प्रत्येक दुकानापाशी काकांनी शोध घ्यायचा, नाव टाइप करायचं, तेही एका अंगठ्यानं. डेव्हलपर बराच वेळ त्या गठ्ठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘क्रम ओढून बदलता येईल असं करू, फार काम नाही.’ मी अहवालात हेच लिहिलं असतं तर दोन स्प्रिंट, म्हणजे कामाचे दोन टप्पे, मागे पडलं असतं.

परतताना गाडीत नेहमीचा वाद. ‘पाच-सहा लोकांना बघून काय कळतं?’ वापरसुलभतेचा तज्ज्ञ याकोब निल्सननं 2000 साली मांडलेला हिशोब असा की पाच जणांत साधारण 85 टक्के अडचणी दिसतात. मात्र तो एकाच प्रकारच्या लोकांपुरता. एजंट वेगळे, दुकानदार वेगळे, पतसंस्थेतले कारकून वेगळे. प्रत्येक गटात स्वतंत्रपणे जावं लागतं. निम्मा हिशोब सांगणारे डिझायनर मला आवडत नाहीत.

उद्याच्या मीटिंगमध्ये आणखी एक भांडण आहे. अ‍ॅप उघडलं की दर वेळी कर्जाची जाहिरात यावी, अशी वरून इच्छा आहे. केंद्र सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्न्सविषयीच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा भरीस पाडणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार दिलेत, त्यात नॅगिंग, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे करून त्रास देणं, आहे. प्रिंट काढून ठेवलीय. सौंदर्यदृष्टीच्या गप्पांपेक्षा असला कागद मीटिंगमध्ये जास्त चालतो, अनुभवानं कळलंय.

एका गोष्टीचं मात्र जमत नाहीये. गर्दीच्या वेळी काका दुकानापाशी नोंद करतच नाहीत. कार्डावर सही करून पुढे सटकतात आणि गल्लीच्या टोकाला चहाच्या टपरीवर बसून सगळ्या नोंदी एकदम करतात. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणतो, नोंद जागेवरच, लोकेशनसह व्हायला हवी, नाहीतर अफरातफरीला वाव. काकांच्या कामाच्या दृष्टीनं ते अशक्य. पण त्याचं म्हणणंही खोटं नाही, पैसे शेवटी त्या शिंप्याचे आहेत. लोकेशनपेक्षा ठेवीदाराला जाणारा मेसेज हीच खरी राखण, असं माझं मत. मग मेसेज तासभर उशिरा गेला तर चालेल का, हे शिंप्यालाच विचारायला हवं. दुकानदारांच्या भेटी अजून ठरलेल्या नाहीत. उद्या सकाळी पहिला फोन पतसंस्थेला करायचा.