रायडिंग मोवरचं इंजिन: सेल्फ अडकतो, निळा धूर येतो, ऑइल संपतं

रायडिंग मोवर म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. त्याचं इंजिन एक सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, उभ्या क्रँकशाफ्टचं, ओव्हरहेड वाल्व्हचं. तक्रारी तीन होत्या. सेल्फ मारला की इंजिन अर्धा फेरा फिरून अडकायचं. चालू झालं की सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर. आणि ऑइलची पातळी दर दोन-तीन तासांच्या कामानंतर खाली. एवढं ऐकलं की बहुतेक जण "पिस्टनच्या रिंगा गेल्या, स्टार्टर बदला" म्हणून मोकळे होतात. मी एकही पार्ट विकत घेण्याआधी मोजमापं घेतली, कारण या तीनही लक्षणांची स्वस्त कारणं असू शकतात.

सुरुवात बॅटरीपासून केली. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट आणि सेल्फ मारताना १०.४, म्हणजे बॅटरी ठीक. ९.६ च्या खाली आली असती तर आधी तीच बदलली असती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारला. ०.२ व्होल्ट आले. इथे अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला की अर्थिंगची वायर, तिचा बोल्ट किंवा गंज बघायचा. नंतर प्लग काढून, त्याची वायर अर्थ करून पुन्हा सेल्फ मारला, तर इंजिन भरभर फिरलं. म्हणजे स्टार्टर निर्दोष होता आणि अडथळा कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा होता.

या इंजिनांत कॅमवर (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) डिकंप्रेशनची, म्हणजे हा दाब कमी करायची, सोय असते. सुरू करताना एक छोटा उंचवटा वाल्व्ह किंचित उघडा ठेवतो, थोडी हवा सुटते आणि एवढासा स्टार्टर एवढा मोठा पिस्टन फिरवू शकतो. हा उंचवटा अगदी थोडा असतो. टॅपेटची फट (वाल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली) वाढली की तो फटीतच संपतो, वाल्व्ह उघडतच नाही आणि सेल्फ अडकतो. म्हणून सेल्फ अडकला की स्टार्टरच्या आधी टॅपेट बघावा.

रॉकर कव्हर काढलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत टीडीसीला (सर्वांत वरच्या टोकाला) आणून पुढे ६ मिमी खाली सरकवला. नेमक्या टीडीसीला डिकंप्रेशनचा उंचवटा वाल्व्हला टेकलेला असू शकतो आणि फट चुकीची मोजली जाते. फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजल्यावर इनटेकला ०.३० आणि एक्झॉस्टला ०.३५ मिमी आली. या इंजिनला हवी असते इनटेकला ०.०८ ते ०.१३ आणि एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८. सेल्फचं कोडं तिथे सुटलं. पुशरॉड (कॅमकडून रॉकरला ढकलणारे दांडे) काढून काचेवर लोळवून पाहिले, दोन्ही सरळ होते. वाकलेला निघाला असता तर वाल्व्ह गाइड (वाल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी) जागेवरून सरकलंय का हे बघावं लागलं असतं. इंजिन फार तापलं की असं होतं.

आता धूर. आधी डिपस्टिकचा वास घेतला. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळत असते आणि तेव्हा इंजिन अजिबात चालवू नये. इथे तसं नव्हतं. मात्र एअर फिल्टर ऑइलने भिजला होता, म्हणजे क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) दाब वाढून ब्रीदरच्या, म्हणजे तिथली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑइल वर फेकलं जात होतं.

पिस्टन टीडीसीला ठेवून प्लगच्या जागेतून हवा भरली आणि लीकडाउन, म्हणजे ती कुठून गळते ते, बघितलं. हे करताना फ्लायव्हीलचा नट लांब पान्याने घट्ट धरावा लागतो, नाहीतर हवेने इंजिन झटक्यात फिरतं आणि खाली ब्लेडही फिरतं. ब्लेडचा क्लच सुटलेला आहे ना, ते आधी पाहावं. हवा डिपस्टिकच्या नळीतून जोरात येत होती. एक गोष्ट लक्षात घ्यावी. रिंगा गेल्या तरी हवा तिथूनच येते आणि हेड गास्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ थर) फुटलं तरीही, कारण सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यामध्ये गास्केटची अगदी अरुंद पट्टी असते आणि ती पोकळी थेट क्रँककेसला जोडलेली असते. या चाचणीने दोन्हींत फरक करता येत नाही. हेड उघडावंच लागतं.

गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग राखणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंग आणि तारांचे फोटो काढून मगच कार्बोरेटर सोडवला. स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली तर इंजिनचा वेग बिघडतो. हेडचे बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने खोचून ठेवले, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. हेड उचललं आणि गास्केटच्या त्या अरुंद पट्टीवर काळा जळका माग दिसला. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात घासून पाडलेल्या) तिरप्या रेषा स्वच्छ शाबूत होत्या, खोल ओरखडा कुठेच नव्हता. रिंगांना हात लावायची गरज नव्हती.

मूळ कारण ब्लोअरच्या कव्हरखाली होतं. सिलिंडरच्या पंखांमध्ये वाळलेलं गवत आणि ऑइल मिळून नमद्यासारखा थर बसला होता. हवा जायला जागाच नसेल तर हेड तापतं, वाकतं आणि गास्केट सोडतं. हे कव्हर दर हंगामाला काढून साफ करणं सर्वांत स्वस्त काम आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं. ब्रश आणि हवा वापरावी. गरम इंजिनवर पाण्याचा फवारा मारू नये.

जुनं गास्केट प्लास्टिकच्या खरवडणीने काढलं. फिरत्या घासणीने काढू नये, तिची पूड सिलिंडरमध्ये आणि बेअरिंगमध्ये जाते. सरळपट्टी ठेवून फिलर गेजचं ०.१० मिमीचं पान हेडखाली सरकवून पाहिलं, एका बाजूला गेलं. म्हणून जाड काचेवर आधी २२० आणि मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, आठच्या आकड्यासारखं फिरवत हेड सपाट केलं आणि नीट धुतलं. नवीन गास्केट कोरडंच बसवलं, सीलंट नाही. बोल्ट आडव्या-तिरप्या क्रमाने तीन टप्प्यांत २५ न्यूटन-मीटरपर्यंत. हा आकडा इंजिनागणिक बदलतो, आपल्या मॉडेलचा बघूनच आवळावा. टॅपेट हेड आवळल्यानंतरच लावले: इनटेक ०.१०, एक्झॉस्ट ०.१५. नवीन एअर फिल्टर टाकला. कागदी फिल्टर धुऊन परत वापरू नये. ऑइल एसएई ३०, १.४ लिटर, पण थोडं कमी ओतून डिपस्टिकवर बघत पुरं केलं. जास्त झालं तरी असाच धूर येतो.

सेल्फ पहिल्याच दमात फिरला. सुरुवातीची दहाएक मिनिटं पांढरा धूर आलाच, तो सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळण्याचा असतो. तो थांबल्यावर डिपस्टिकच्या नळीला बूच लावून त्यातून पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवली आणि पाणी भरून इंजिन चालू केलं. पाणी इंजिनच्या बाजूला वर ओढलं गेलं. क्रँककेसमध्ये दाब असता तर ते बाहेर ढकललं गेलं असतं. इंजिन बंद करण्याआधी नळी काढायची, नाहीतर पाणी आत जाऊ शकतं. पाच तास चालवून गार झाल्यावर टॅपेट पुन्हा मोजले, दोन्ही जागच्या जागी होते आणि ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर होती.