कुठले पाटील?

"सापडला नाही म्हणजे?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मलाच विचारलं. "काल चार वाजता इथंच बसून चहा प्यायला की तो!"

पडद्यावर लाल अक्षरांत ‘नोंद आढळली नाही’ आलं होतं. ते वाक्य मी लिहिलेलं. गल्लीतल्या पतसंस्थेचे सभासद शोधायला मी एक फॉर्म करून दिला होता. सभासद क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, फोन, खात्याचा प्रकार, नोंदणीची तारीख अशा मोजून नऊ चौकटी. करताना मला भारी वाटलं होतं. काकांनी त्यातल्या एकीत ‘पाटील’ लिहिलं आणि बाकीच्या आठ मोकळ्या सोडल्या. माणूस सोडणारच. त्यांच्या लेखी मोकळी चौकट म्हणजे ‘काहीही चालेल’. मी यंत्राला शिकवलं होतं ते वेगळंच: ज्याचा फोन मोकळा, तालुका मोकळा, तारीख मोकळी, असाच पाटील आण. असा पाटील बेळगावात कुठून मिळायला!

चूक माझी, आणि दुरुस्तीही सोपी. चौकट मोकळी असेल तर ती अट धरायचीच नाही. पण तोवर काकांनी खालच्या कप्प्यातून जुनं लाल बांधणीचं रजिस्टर काढून तो माणूस शोधलाही होता.

दुरुस्ती केली, तर पडद्यावर अख्खी गल्ली उतरली. पाटील, पाटील, पाटील. काका म्हणाले, "आता ह्यातला कुठला?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो शहापूरच्या एका उंबऱ्यावर. बाबांना एक विचित्र हौस होती. लग्न कुणाच्याही घरचं असो, पत्रिका वाटायला हे पुढं. मी सायकलीच्या दांडीवर, हातात हळद लावलेल्या पाकिटांचा गठ्ठा. एका दारात एक आजी सुपात जोंधळे निवडत बसलेली. मान वर न करताच तिनं विचारलं, "काय शोधूलालास रे?"

"पाटलांचं घर."

"कुठले पाटील? गिरणीवाले का मिलिट्रीवाले?"

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच गावात, त्यामुळं मिलिट्रीवाले म्हणून तरी कितीसं कळणार? "मिलिट्रीवाले," बाबा म्हणाले. "थोरले का धाकटे?" "धाकटे." आजीनं एक खडा उचलून बाहेर टाकला आणि हनुवटीनं दिशा दाखवली. "पायरीवर कुत्रं झोपलेलं असंल बघ."

कुत्रं होतं.

नऊ चौकटी तिच्याकडंही असतील. पण तिनं त्या एकदम पुढ्यात मांडल्या नाहीत. एक प्रश्न, मग दुसरा, मग कुत्रं. मीही पुढं तेच केलं. वर एकच लांब चौकट, काहीही लिहा. जास्त नावं आली तरच खाली ‘गाव कुठलं?’ असं विचारायचं.

आणि इथंच पाय घसरला. आमच्याकडं गावाचं नाव विचारणं ही साधी गोष्ट नाही. जुन्या नोंदीत बेळगाव, इंग्रजीवरून उतरवलेल्यात बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदलल्यावर बेळगावी, काही ठिकाणी बेलगावी. त्यावर इथं मोर्चे निघतात, दुकानाच्या पाट्यांवरून डोकी तापतात. यंत्राला मात्र ही चार वेगळी गावं. माणसांचंही तेच. मराठी नाव इंग्रजीत जातं, तिथून कन्नडमध्ये, तिथून परत आमच्याकडं. इंग्रजीत द आणि ड एकच, त्यामुळं कदम निघताना कदम असतो आणि घरी येतो तो कडम होऊन.

अमेरिकेत १९१८ साली ह्यावर साउंडेक्स नावाच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं आणि पुढच्या उच्चाराचे तीन आकडे करायचे, म्हणजे स्पेलिंग चुकलं तरी माणूस हाती लागतो. मी त्याचा गावठी अवतार केला: ल-ळ एक, न-ण एक, श-ष एक, द-ड एक, ऱ्हस्व-दीर्घ माफ. शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून खाल्लेल्या छड्या आठवून ती शेवटची ओळ लिहिताना फार बरं वाटलं. गावांसाठी मात्र वेगळी यादी केली. कुठलंही नाव टाका, चारही येतात. सीमाप्रश्न एवढ्यापुरता मी मिटवला.

काकांना पसंत पडलं. दोन दिवसांनी त्यांनी चौकटीत लिहिलं, ‘मिलिट्री पाटील’. नोंद आढळली नाही.

मग ‘ओळख’ नावाचा एक रकाना वाढवला आणि भरायचं काम काकांवरच सोडलं. इतकी वर्षं काउंटरवर काढलेला माणूस, आनंदानं भरत बसला. परवा दुपारी सहज चाळलं. ‘गिरणीवाले (गिरणी बंद)’. ‘ऐकू कमी, मोठ्यानं बोलणे’. ‘कुंद्याचा डबा आणतात’. ‘जामीन घेऊ नये’. हा पडदा काउंटरकडं तोंड करून ठेवू नका, असं त्यांना दोनदा बजावलंय.

पाटील संपवून खाली खाली जात होतो, तर आमचं आडनाव आलं. बाबांचं नाव, जुना सभासद क्रमांक, आणि ओळखीत एकच शब्द: ‘पत्रिकावाले’.

मागं कै. लावायचं राहिलंय. शेअरचं खातंही बंद करायचं राहिलंय, त्याला मृत्यूचा दाखला लागतो आणि तो घरी कपाटात आहे. काका रोज आठवण करतात. बघू, पुढच्या आठवड्यात.