पाणथळीवरची विषाणू-पाहणी: पुढे जाणाऱ्यांसाठी

डासांमार्फत पसरणारे विषाणू वन्य पक्ष्यांमध्ये फिरत आहेत का, हे पाहण्यासाठी आमचा गट एका विस्तीर्ण पाणथळीवर गेला होता. पक्षी पकडण्याची आणि रक्त घेण्याची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय कोणीही निघू नये.

क्यूलेक्स डास अंधार पडू लागताच बाहेर पडतात, म्हणून सापळे सूर्यास्तापूर्वीच लावून झाले पाहिजेत. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; त्याच्या वायूकडे डास ओढले जातात) ठेवलेल्या प्रकाश-सापळ्यात रक्ताच्या शोधात निघालेल्या माद्या येतात, पण त्यांतील पुष्कळशा अद्याप कोणालाच चावलेल्या नसतात. गवत कुजवलेल्या पाण्याच्या सापळ्याकडे अंडी घालायला येणारी मादी मात्र बहुधा रक्त पिऊन आलेली असते आणि तिच्यात विषाणू सापडण्याची शक्यता अधिक असते. त्या पाण्याला उग्र वास येतो. तरीही माझ्या मते हा सापळा वगळणे परवडणारे नाही.

पहाटे मिस्ट नेट, म्हणजे पक्षी पकडण्याची बारीक धाग्यांची जाळी, उघडली. जाळ्यांवर सतत फेरी ठेवावी, आणि ऊन चढले किंवा वारा सुटला की ती मिटावीत; अडकलेला पक्षी फार लवकर थकतो. रक्त वजनाच्या एक टक्क्याहून अधिक घेऊ नये, म्हणजे २० ग्रॅमच्या पक्ष्याचे जेमतेम ०.२ मिलिलिटर. सुई काढल्यावर कापसाचा बोळा हलकेच दाबून धरावा आणि रक्त पूर्ण थांबल्यावरच मूठ उघडावी.

डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंपैकी वेस्ट नाइलचा विषाणू पक्ष्याच्या रक्तात थोडेच दिवस टिकतो, तर त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे पुढे कितीतरी महिने आढळतात. त्यामुळे पक्ष्याचे वय नोंदवणे अत्यंत महत्त्वाचे आहे: प्रौढ पक्ष्यातील प्रतिपिंडे जुन्या संसर्गाची असू शकतात, परंतु आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरल्यानंतर याच हंगामातील पिल्लात ती आढळली, तर संसर्ग ताजा आणि बहुधा जवळपासचाच असतो. प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीत वेस्ट नाइल, उसुटू आणि जपानी मेंदूज्वर या जवळच्या नात्यातील विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांत मिसळून दिसतात, म्हणून प्रतिपिंडे नेमका कोणता विषाणू रोखतात हे दाखवणाऱ्या निष्प्रभावन चाचणीपुरते सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) आधीच बाजूला काढावे.

मेलेला कावळा दिसल्यास तो टाळू नये. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइलचा माग लागण्यात कावळ्यांच्या मृत्यूंचा मोठा वाटा होता. हातमोजे घालून तो दुहेरी पिशवीत ठेवावा, जागा व वेळ लिहावी आणि त्याच दिवशी शीतपेटीतून प्रयोगशाळेकडे पाठवावा.