मोतीबाग ते कामठी: नागपूरच्या फुटबॉलच्या वाटेवर

क्रिकेटचं नागपूर जामठ्याला, शहराच्या दक्षिणेला, वर्धा रोडवर. फुटबॉलचं नागपूर बरोबर उलट्या दिशेला, कामठी रोडवर. बाहेरून येणारा माणूस जामठा बघून परत जातो आणि या गावात फुटबॉल आहे हे त्याला कळतही नाही. म्हणून ही वाट नीट लिहून ठेवतो आहे.

सीताबर्डी इंटरचेंजवरून ऑरेंज लाइन धरायची. फलाट खापरीकडचा नाही, ऑटोमोटिव्ह चौकाकडचा. झिरो माईल, कस्तुरचंद पार्क, मग गड्डीगोदाम. इथे खिडकीतून खाली बघा: सर्वांत खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वरून आपली मेट्रो. पुढचं स्टेशन कडबी चौक. मोतीबागेसाठी इथे उतरायचं.

मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेलं, आणि याच भागात रेल्वेचं मैदान. आज ही रेल्वे दक्षिण पूर्व मध्य म्हणून ओळखली जाते. तिच्या आधी इथे दक्षिण पूर्व रेल्वे होती आणि तिच्याही आधी बंगाल नागपूर रेल्वे. १८८७ साली कंपनी स्थापन झाली, १८९१ पर्यंत नागपूरहून बिलासपूरमार्गे आसनसोलपर्यंत रूळ पोहोचले आणि १९०० साली हावड्याशी जोडणी झाली. नागपूर ते हावडा सुमारे १,१३० किलोमीटर. नागपूरच्या जुन्या फुटबॉल रसिकांचं बोलणं कान देऊन ऐकलं, तर ते याच रुळांवरून चालतं असं माझं ठाम मत आहे. मुंबई आपल्या राज्यात, पण जुन्या मंडळींचे दाखले येतात कोलकात्याचे. कलकत्ता लीगमध्ये ‘बीएनआर’ नावाचा संघ वर्षानुवर्षं खेळला. त्या तीन अक्षरांतलं मधलं अक्षर नागपूरचं आहे, हे इथल्या म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

गेल्या काही वर्षांत त्या काळातले बहुतेक मोठे फुटबॉलपटू गेले. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पीके, २० मार्च २०२० ला. चुनी गोस्वामी त्याच वर्षी ३० एप्रिलला. देशभर टाळेबंदी असल्यामुळे चुनीदांसाठी मैदानावर कुणाला जमताही आलं नाही, ही खंत अजून निघते. तुलसीदास बलराम १६ फेब्रुवारी २०२३ ला. सिकंदराबादचा हा खेळाडू ईस्ट बंगालकडून नाव कमावून शेवटी बीएनआरमध्ये आला आणि आजारपणामुळे ऐन उमेदीत त्याचा खेळ थांबला. पीके वाढले जमशेदपुरात, आणि टाटानगर हे स्टेशन याच हावडा मार्गावरचं. म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले काका पीकेंबद्दल बोलतात ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

पण हे बोलणं नुसतं हळहळण्याचं नसतं. समोर मॅच चालू असते आणि गेलेल्यांचा उपयोग मोजमापासाठी होतो. उजव्या बाजूने एखादा पोरगा बॉल घेऊन निघाला आणि कोपऱ्यात जाऊन अडकला, की मागून आवाज येतो, “काऊन बे, आत कट मार ना! पीके काय कोपऱ्यात जाऊन उभा राह्यत होता का?” बचावपटू डोकं लागल्यावर बाहेर जायला निघाला, की जरनैल सिंगचं नाव निघतं. जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२, आशियाई स्पर्धेची अंतिम मॅच. आधीच्या मॅचमध्ये डोक्याला मार लागलेला जरनैल हा मूळचा बचावपटू. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं. पहिला गोल पीकेचा, दुसरा जरनैलचा, आणि दक्षिण कोरियावर २-१ असा विजय. एक लाखाच्या आसपास प्रेक्षक आणि बहुतेक सगळे भारताच्या विरोधात. कर्णधार चुनी गोस्वामी. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. ११ जून १९६३ ला ते गेले. कामठीत किंवा मोतीबागेत ‘आपली टीम’ म्हणजे कोणती, हे वाक्यागणिक बदलतं. कधी गल्लीतला क्लब, कधी भारत. पण मोजपट्टी बहुधा जकार्ताचीच.

कामठीला जायचं तर पुन्हा मेट्रो धरून शेवटच्या ऑटोमोटिव्ह चौक स्टेशनवर उतरा. पुढे ‘आपली बस’ (शहराची बससेवा) किंवा शेअर ऑटो. कन्हानपर्यंत मेट्रो वाढवण्याचं काम याच रस्त्यावर आहे, म्हणून हाती अर्धा तास जास्तीचा ठेवा. बसपेक्षा शेअर ऑटो बरा, कारण तो बाजाराजवळ सोडतो आणि ‘रब्बानी मैदान’ म्हटलं की चालकाला पुढचा पत्ता सांगावा लागत नाही.

कामठी ही १८२१ सालची छावणी. पलटणी आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खेळ. पुढे उत्तरेकडून आलेली विणकर कुटुंबं इथे स्थिरावली. आज रब्बानी क्लब म्हणजे कामठीचा अभिमान. नागपूरचे यंग मुस्लिम, राहुल क्लब, रेल्वेचा संघ यांच्याशी त्याची मॅच असली, की लाइनीला लागून दोन-तीन रांगा उभ्या. भाषा नागपुरी हिंदी, मध्येच उर्दू, मध्येच वऱ्हाडी.

बसायचं कुठे, तर पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन पाठीवर येतं. मध्यरेषेच्या आसपास जुनी मंडळी बसतात, ऐकण्यासारखं तिथेच. गोलच्या मागे पोरं असतात. तिथे आवाज भरपूर, पण चुकलेला प्रत्येक शॉट तुमच्या अंगावर. चाचांना “तुमचा आवडता खेळाडू कोण?” असं विचारू नका, एका शब्दात उत्तर येईल आणि विषय संपेल. “हा लेफ्ट हाफ कसा आहे?” असं विचारा. मग हबीबपर्यंत यायला वेळ लागत नाही.

हैदराबादचा मोहम्मद हबीब. १५ ऑगस्ट २०२३ ला गेला, स्वातंत्र्यदिनीच. त्याचं नाव निघालं की २४ सप्टेंबर १९७७ येतंच: ईडन गार्डन्स, पावसाने भिजलेलं मैदान, न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळणारा पेले आणि समोर मोहन बागान. मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली. बागानचा एक गोल श्याम थापाचा, एक हबीबचा. बागानचे प्रशिक्षक होते पीके. पेले २९ डिसेंबर २०२२ ला गेले, अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकल्यानंतर अकराव्या दिवशी. त्या एका मॅचमधले तिघे, पीके, पेले आणि हबीब, साडेतीन वर्षांत गेले. चाचांच्या पिढीला हे किती लागलं असेल ते त्यांच्या बोलण्यात कळतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता श्रद्धांजलीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे ती मनापासून वाहिली जाते आणि तरीही बऱ्याचदा बिघडते.

पहिली अडचण उजेडाची. डिसेंबरच्या मध्यात नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पंचेचाळीसचे दोन डाव, मधली पंधरा मिनिटं, वर वाया गेलेल्या वेळेची चार-पाच मिनिटं, म्हणजे एक तास पन्नास मिनिटं धरा. फ्लडलाइट नसलेल्या मैदानावर साडेतीनला शिट्टी वाजलीच पाहिजे. पाहुण्यांची भाषणं वीस मिनिटं चालली, तर शेवटची दहा मिनिटं गोलकीपरला बॉल दिसत नाही. त्यात वॉर्म-अप केलेले खेळाडू उभे राहून थंड पडतात आणि पहिल्याच धावेला मांडीचा मागचा स्नायू धरतो. म्हणून भाषण, फोटोला हार आणि नावं वाचणं हे सगळं खेळाडू मैदानात यायच्या आधी उरकावं. दोन्ही संघ मधल्या वर्तुळाच्या कडेने उभे राहिले, की फक्त नाव, एक वाक्य आणि रेफरीची शिट्टी. आपल्याकडे सभेत दोन मिनिटं मौन पाळतात, फुटबॉलमध्ये एक मिनिट. संपल्याचीही शिट्टी रेफरीनेच द्यायची. माईकवरून “धन्यवाद” म्हटलं, की अर्धे खेळाडू हलतात आणि अर्धे उभेच राहतात.

काळी पट्टी. बाजारातली काळी सुती रिबीन बांधू नका. घामाने भिजली की ती कोपरापर्यंत घसरते आणि खेळाडू पाचव्या मिनिटाला काढून फेकतो. चार-पाच सेंटिमीटर रुंद इलास्टिक घ्या, दंडाच्या घेरापेक्षा थोडं कमी कापा, दोन टोकं शिवा आणि कातडीवर न घालता जर्सीच्या बाहीवर चढवा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली चिकटपट्टीही चालते, पण तीही बाहीवरच आणि ताणून नाही. कर्णधाराची पट्टी एका हातावर, काळी दुसऱ्या हातावर.

फ्लेक्स. सहा बाय तीन फुटांचा पुरतो. घोळ होतो तो फोटोचा: व्हॉट्सॅपवरून फिरत आलेला फोटो मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन होतात. मूळ फाइल मिळवा आणि छापणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जन्माची आणि मृत्यूची तारीख दोघांनी वेगवेगळी तपासावी. चुकीच्या तारखेचा फ्लेक्स लागला, की मध्यरेषेवरची मंडळी तो पूर्ण मॅचभर ऐकवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. बांबूची चौकट साइडलाइनपासून निदान तीन मीटर लांब रोवा. गोलच्या मागे तर नकोच.

मैदानाचंही सांगायला हवं. नागपूरची काळी माती पावसाळ्यात बुटांच्या स्टडमध्ये भरते आणि दहा मिनिटांत बूट जड होतो. बॉल जमिनीवरून सोडला तर मध्येच थांबतो, म्हणून सप्टेंबरपर्यंत सगळे उंच पास. ऑक्टोबरात तीच माती वाळते, पावलांचे खड्डे दगडासारखे टणक होतात आणि घोटे मुरगळतात. वाळण्याच्या आधीच, माती ओलसर असताना, रोलर फिरवायचा. चिखल असताना फिरवला तर माती रोलरलाच चिकटून उचलली जाते. वरून मुरुमाचा पातळ थर दिला तर पाणी लवकर उतरतं, पण गुडघे सोलतात. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, हवा ०.६ ते १.१ एवढ्या वातावरणीय दाबाची. उन्हाळ्यात पहाटे काठोकाठ भरलेला बॉल दहा वाजता उन्हात उसळ्या मारतो, तेव्हा थोडी कमीच भरावी.

तरुण पोरांच्या आठवणी वेगळ्या, आणि मला त्या कमी वाटत नाहीत. ३ जुलै २०२५ ला स्पेनमध्ये मोटार अपघातात दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा गेले. जोटा अठ्ठावीस वर्षांचा होता. लिव्हरपूलने त्याचा २० नंबर कायमचा बंद केला, आणि त्यांचे चाहते विसाव्या मिनिटाला त्याचं गाणं गातात. नागपुरातली लिव्हरपूलवाली पोरं टीव्हीसमोर तेव्हा उभी राहतात. मॅराडोना त्यांनी खेळताना पाहिला नाही. २५ नोव्हेंबर २०२० ला तो गेला आणि नापोलीच्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं गेलं, हे त्यांना ठाऊक आहे. पण जोटाचे गोल त्यांनी स्वतः रात्र जागून पाहिलेत.

त्यांच्यात बसून मॅच बघायची तर घड्याळ सांभाळा. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधल्या शनिवारच्या मॅच आपल्याकडे साधारण पाच, साडेसात आणि रात्री दहाला सुरू होतात. थंडीत तिकडची घड्याळं मागे गेली की सहा, साडेआठ आणि अकराला. चॅम्पियन्स लीगच्या रात्री साडेबारा किंवा दीड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दरवर्षी कुणीतरी एक तास आधी येऊन बसलेला असतो.

यायचंच असेल तर सप्टेंबर किंवा डिसेंबर निवडा. सप्टेंबरात जकार्ताची आठवण निघते आणि काळ्या मातीतला खेळ बघायला मिळतो. मात्र जुने बूट आणि प्लॅस्टिकची पिशवी लागते. डिसेंबरात हवा छान, पण यशवंत स्टेडियमकडे फिरकताना जपून: अधिवेशन चालू असलं की मोर्चे तिथूनच निघतात आणि धंतोलीचे रस्ते बंद होतात. कामठीहून परतताना अंधार पडायच्या आत शेअर ऑटो धरा. मॅच सुटल्यावर सगळे एकदमच निघतात, आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच्या त्या ऑटोत सहाच्या जागी आठ जण बसून पेनल्टी होती की नव्हती हे ठरवत असतात.